त्रास दिला का?

सोमवार, ४ मार्च

आज नोकरीचा पहिला दिवस. पण त्याबद्दल लिहायला बसले तर मुलाखतीतली एक गोष्ट सारखी मध्ये येतेय, ती आधी लिहून मोकळी होते. डॉक्टरबाईंनी विचारलं होतं, "स्मृतिभ्रंश झालेलं माणूस जवळून पाहिलं आहेस का?" मी म्हटलं, "हो, आम्ही आजीला चार वर्षं सांभाळलं." त्यांनी मान डोलावली आणि कागदावर काहीतरी टिपून घेतलं. आजीला सांभाळलं ते आईनं. मी तेव्हा आतल्या खोलीत दार लावून अभ्यास करत होते. 'आम्ही' असं इतक्या सहज म्हणून गेले की मला ते घरी आल्यावर कळलं.

असो. घरात शाळेच्या पुढे शिकलेली मी पहिलीच. दादा मला नावानं हाक मारतच नाही. "पदवी, जरा पाणी आण." सकाळी बाबा, ज्यांचं सगळं आयुष्य लोकांचे नळ दुरुस्त करण्यात गेलं, हातातला पाना बाजूला ठेवून मला सोडायला कोपऱ्यापर्यंत आले. मला वाटलं, मी यांना कधी मान खाली घालायला लावणार नाही.

काम असं आहे. अल्झायमर झालेली काही माणसं चिडतात, ओरडतात, अंगावर धावून येतात. त्यांच्या डोक्यावर चुंबकाचे ठोके दिले तर हे वागणं निवळतं का, हे पाहायचं. अकरा रुग्ण, चार आठवडे, आठवड्यातून पाच दिवस. यंत्र चालवणाऱ्या दादांनी मला ते दाखवलं. आठच्या आकड्यासारखं एक चपटं वेटोळं. त्यांनी ते स्वतःच्या डोक्याला लावलं, टक् झालं आणि त्यांचा अंगठा आपोआप उडाला. "बघ, माझा अंगठा, पण मालक मी नाही," म्हणाले.

निम्म्या रुग्णांना खरं वेटोळं लावणार, निम्म्यांना खोटं. खोटंही तसंच दिसतं, तसंच टकटकतं, फक्त त्यात चुंबक नाही. कुणाला कोणतं, हे मला कळता कामा नये. कारण मी प्रश्न विचारणारी. दर आठवड्याला घरच्या माणसाला वीस प्रश्न विचारायचे, प्रत्येकाला शून्य ते चार गुण. बेरीज जितकी जास्त तितका आजार आक्रमक. "प्रश्न छापलेत तसेच वाचायचे," डॉक्टरबाईंनी दोनदा सांगितलं. यंत्रवाले दादा मला आतापासूनच 'प्रश्नवाली' म्हणायला लागलेत.

गुरुवार, ७ मार्च

उपचार सोमवारी सुरू होतील. त्याआधीची पहिली प्रश्नोत्तरं आज होती.

लिफ्टवाले काका आणि काकू आले होते. काकांनी चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. बंद पडलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढायची हे त्यांचं काम, आणि आता तेवढंच शिल्लक आहे. कुठलंही दार बंद दिसलं की ते धडका देतात, "आत कोण अडकलंय?" म्हणून ओरडतात. माझ्या खोलीचं दार उघडंच ठेवावं लागलं.

मी वाचलं, "गेल्या सात दिवसांत रुग्णाने शारीरिक आक्रमकता किती वेळा दर्शवली?"

काकू म्हणाल्या, "दर्शवली म्हणजे? त्यांना दिसतं नीट. चष्मा आहे."

मी पुन्हा वाचलं. त्यांनी घाबरून काकांकडे पाहिलं. वीस प्रश्नांना दीड तास लागला. प्रत्येक उत्तरानंतर त्या विचारत, "बरोबर का, मॅडम?" जणू मी त्यांची तोंडी परीक्षा घेतेय. उद्या आईला कुणी असे प्रश्न विचारले तर? बेरीज सेहेचाळीस.

गुरुवार, १४ मार्च

आज मी एक गोष्ट केली आणि मला वाटतं चांगली केली. छापील वाक्य बाजूला ठेवलं आणि काकूंना साधं विचारलं, "काकू, या आठवड्यात काकांनी तुम्हाला त्रास दिला का?"

काकूंचा चेहरा खुलला. "त्रास? छे हो. ते कशाला त्रास देतील मला?"

"ओरडले का?"

"आवाजच मोठा आहे त्यांचा. लिफ्टच्या खोलीत आयुष्य गेलं ना."

पंचवीस मिनिटांत वीस प्रश्न झाले. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "मागच्या वेळी मी रात्रभर झोपले नव्हते. आज बरं वाटलं, मॅडम." मी म्हटलं, मॅडम नका म्हणू. "बरं, बाळा," म्हणाल्या.

बाकीच्या दहा जणांनाही याच भाषेत विचारायचं ठरवलंय. सूचना मोडतेय हे कळतं. पण 'दर्शवली' हा शब्द ज्यानं लिहिला, त्यानं कधी काकूंसारख्या बाईशी बोलून पाहिलंय का? शिकलेली माणसं अशी बोलतात म्हणून तर लोक त्यांच्यापासून लांब राहतात. काकांची बेरीज एकोणीस. एका आठवड्यात!

गुरुवार, २१ मार्च

आठ.

काकू डावखुऱ्या आहेत, हे आज कळलं. सही डाव्या हातानं केली. मागच्या सह्यांपेक्षा वाकडी आली म्हणून हसल्या, "म्हातारपण, दुसरं काय."

एका बाईंचा मुलगा येतो, केस कापायचं दुकान आहे त्याचं. त्याला विचारलं, "आई त्रास देते का?" तर एकदम ताडकन म्हणाला, "आई आहे ती माझी." मी सगळीकडे शून्य लिहिलं. किती प्रेम असतं माणसांत. खरं सांगायचं तर मला शून्य लिहायला आवडायला लागलंय. गोल, पूर्ण, कुणालाही न दुखावणारं.

डॉक्टरबाई जाताजाता थांबल्या. "तू लोकांशी छान बोलतेस. आधीच्या मुलीला त्यांची उत्तरं मिळवताना नाकी नऊ यायचे." दिवसभर तरंगत होते.

शुक्रवार, २९ मार्च

सगळे आकडे आज एकत्र मांडले. आकडेवाले सर महिन्यातून एकदा येतात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, "अकराच्या अकरा सुधारले?"

"हो, सर."

"निम्म्यांना नुसती टकटक मिळतेय. तेही सुधारले?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, कुणी लक्ष देतंय या भावनेनंही माणसं निवळतात. सर म्हणाले, "इतकी? मग मीही येऊन बसतो खुर्चीत. माझ्या बायकोला फरक पडेल." सगळे हसले. मीही हसले, पण थोडी उशिरा.

घरी जेवताना हे सगळं सांगितलं. आई इस्त्री करत होती. उद्या सकाळी लोकांचे चाळीस शर्ट द्यायचे होते. ती थांबली. "कसं विचारतेस म्हणालीस?"

"त्रास दिला का, असं. सोप्या भाषेत."

"मग 'नाही'च म्हणतील की."

"का?"

"अगं, नवरा त्रास देतो, असं परक्या मुलीला कोण सांगेल? ती चुगली झाली. आणि आजारी माणूस काय त्रास देतो? त्रास द्यायला मनात यावं लागतं."

मी काय बोलले ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे पुढे बदलता येणार नाही. मी म्हटलं, "आई, तुला काय कळतंय त्यातलं? याला शास्त्र म्हणतात."

आईनं शर्टाची कॉलर उलटवली. "नसेल कळत."

दादा म्हणाला, "पदवी बोलली." बाबांनी ताटातून मान वर केली नाही.

शनिवार, ३० मार्च

आई नेहमीसारखीच आहे. माझा डबा भरलेला होता. तेच जास्त लागलं.

गुरुवार, ४ एप्रिल

काकांची बेरीज तीन. उद्या उपचारांचा शेवटचा दिवस, मग महिनाभर नुसती विचारपूस.

काकूंनी आज विचारलं, "आता काढणार तर नाही ना त्यांना?"

मी समजावलं की उपचार संपत आले तरी आमचा संबंध राहील. त्यांना ते हवं होतं असं वाटलं नाही. "नाही, म्हणजे, वागणं चांगलं असलं की ठेवतात ना?" मी म्हटलं, काळजी करू नका, काकांचं वागणं उत्तम आहे. त्यांनी हात जोडले. मला संकोच वाटला, पण अभिमानही वाटला. आई म्हणाली ते खरं असतं तर ही बाई असे हात जोडेल का?

मंगळवार, ९ एप्रिल

काकू हाडांच्या विभागात आहेत. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलंय.

यंत्रवाले दादांनी सांगितलं. धावत गेले. काकू गुंगीत होत्या. बाजूला त्यांच्या शेजारीणबाई बसल्या होत्या, काकांना शेजारीणबाईंच्या मुलानं घरी धरून ठेवलं होतं. काकू न्हाणीघरात होत्या, दार लावलेलं. काकांनी ते दार बिजागरीसकट ओढलं आणि 'आत अडकलेल्या' बाईला हाताला धरून बाहेर खेचलं. सोडवायला. शेजारीणबाई म्हणाल्या, "आज हाड मोडलं म्हणून दवाखाना. एरवी हे रोजचंच. भिंतीतून ऐकू येतं आम्हाला. गेल्या महिन्यात अंगठा पिरगळला होता, तर डाव्या हातानं स्वयंपाक करायची."

डावखुऱ्या.

मग त्यांनी माझ्या गळ्यातलं ओळखपत्र वाचलं. "तुम्हीच का त्या? दर गुरुवारी यांना विचारता ना तुम्ही? काय विचारता हो?"

त्या टोमणा मारत नव्हत्या. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, डॉक्टरांना भेटून येते. आणि जिन्यात जाऊन उभी राहिले. परत त्या खोलीत गेले नाही.

बुधवार, १० एप्रिल

आजारी आहे असं कळवून घरी राहिले. तेही खोटंच.

दिवसभर एकच हिशेब डोक्यात. फॉर्मवर फक्त खुणा आहेत. मी कोणते शब्द वापरले ते कुठेच लिहिलेलं नाही. काकूंना आठवणार नाही. केस कापणारा मुलगा बोलणार नाही. मी गप्प राहिले तर कुणालाही कळणार नाही, फक्त एक उपचार चालतो असं कागदावर ठरेल, आणि मग कुठेतरी दुसऱ्या काकू दुसऱ्या काकांना घेऊन त्या खुर्चीसमोर बसतील, बरे होतील या भरवशावर. किंवा उलट. खऱ्या वेटोळ्यानं खरंच कुणाला गुण आला असेल, तर तोही माझ्या शून्यांत बुडाला. कोणाचं शून्य खरं हे आता कुणालाच सांगता येणार नाही. मलाही नाही.

हे सगळं स्पष्ट दिसत असूनही मी दुपारपर्यंत गप्प राहण्याच्या बाजूनं होते. ते लिहून ठेवते.

संध्याकाळी आईजवळ बसले. ती शर्टावर पाणी शिंपडत होती. विचारलं, "आजी हात उगारायची का गं?"

"रोज."

"रोज?"

"सकाळी आंघोळीच्या वेळी जास्त. एकदा तांब्या मारला होता, हे बघ." भुवईजवळची ती खूण मी रोज पाहतेय. मला वाटायचं, कुठेतरी आपटल्याची असेल.

"मग तू कुणाला सांगितलं नाहीस?"

"तुझ्या आत्यानं विचारलं होतं फोनवर. आई त्रास देते का गं वहिनी? मी म्हटलं, छे."

"मला का नाही सांगितलंस?"

आई हसली. "तू दार लावून बसलेली असायचीस. तुझी परीक्षा होती. तेवढ्यासाठीच तर मी तिचं तोंड दाबून धरायचे, तुला आवाज जाऊ नये म्हणून." मग इस्त्री उचलली आणि हळूच म्हणाली, "ते काही चांगलं केलं नाही मी. म्हातारी गुदमरायची."

मी म्हटलं, "आई, त्या दिवशी मी जे बोलले..."

"शर्ट दे तो."

मी शर्ट दिला. माझं माफी मागणं राहिलंच, आणि आईनं मात्र कधी कुणाला न सांगितलेलं सांगून टाकलं. मी साधं विचारलं होतं, 'हात उगारायची का?' एवढंच.

शुक्रवार, १२ एप्रिल

सांगितलं.

दारातच उभी राहून बोलायला लागले. डॉक्टरबाई म्हणाल्या, आधी बस. मी बसले नाही. बसले असते तर रडले असते, आणि मग त्यांना मला समजवावं लागलं असतं.

"कधीपासून?"

"दुसऱ्या आठवड्यापासून."

"अकराही जणांना?"

"हो."

त्या पेनाचं टोपण काढत-लावत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझा हेतू काय होता ते मला कळतं. त्याचा मला काही उपयोग नाही." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "अकरा घरांनी वीस-वीस दिवस आपली म्हातारी माणसं इथे उचलून आणली. ते वीस दिवस मी त्यांना परत कुठून देऊ?"

आकडेवाल्या सरांना त्यांनी माझ्यासमोर फोन केला. तिकडचं ऐकू येत नव्हतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हो. तुम्हाला शंका आली होती. मला ती नको होती." आणि फोन ठेवला.

काय घडलं ते मी स्वतः लिहून सही करून द्यायचं. अभ्यास तपासणाऱ्या समितीपुढे ते वाचूनही मलाच दाखवायचं. मधल्या आठवड्यांचे आकडे रद्द. पुढची विचारपूस दुसरी मुलगी करेल. काकांची औषधं आजच बदलली, आणि घरी मदतीला माणूस मिळेपर्यंत काकूंच्या बहिणीनं राहायचं ठरलं. ही सोय महिनाभर आधी होऊ शकली असती. कुणी मागितलीच नाही, कारण कागदावर तीन होते.

निघताना त्या म्हणाल्या, "एक घर तुझ्याकडेच राहील. लिफ्टवाल्यांचं. ती बाई दुसऱ्या कुणाशी बोलणार नाही. छापील प्रश्न वाच. शब्द कळला नाही तर समजावून सांग, पण बदलू नकोस. आणि सगळं ध्वनिमुद्रित कर."

यंत्रवाले दादा बाहेर होते. त्यांना कळलेलं होतं. आज 'प्रश्नवाली' म्हणाले नाहीत. नुसतं बाजूला होऊन वाट दिली.

बुधवार, १७ एप्रिल

समितीपुढे वाचलं. पाच जण. 'त्रास' या शब्दाशी आल्यावर थांबले, पाणी प्यायले, पुन्हा वाचलं. एकानं विचारलं, "तुम्ही पदवीधर आहात ना?" मी हो म्हटलं. घरी बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "नोकरी राहील?" मी म्हटलं, या महिन्याअखेरपर्यंत, पुढचं माहीत नाही. त्यांनी मान हलवली. उद्या मला कोपऱ्यापर्यंत सोडायला येतील का, हे विचारायचा धीर झाला नाही.

सोमवार, २२ एप्रिल

आज काकूंच्या घरी गेले. त्यांच्या घरात एकही दार नाही.

मुख्य दार आहे तेवढंच. बाकी सगळ्या चौकटी रिकाम्या. स्वयंपाकघर, झोपायची खोली, कपाटाचीसुद्धा दारं काढलेली. बिजागऱ्यांच्या जागी लाकडात पांढरे चौकोन. न्हाणीघराला नवा पडदा. "सुतार बोलावून एकेक काढलं," काकू म्हणाल्या. "हे एवढं एक ठेवलं होतं माझ्यासाठी." मनगट गळ्यात अडकवलेलं होतं. काका खुर्चीत शांत बसले होते. माझ्याकडे पाहून म्हणाले, "सगळे बाहेर आले ना?" मी म्हटलं, "हो, काका."

काकूंच्या बहिणीनं त्यांना गच्चीवर फिरायला नेलं.

मी आधी माझं सांगितलं. मी चुकीचं विचारत होते, म्हणून तुमची उत्तरं चुकली. चूक तुमची नाही. काकूंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पण बाळा, खरं सांगितलं असतं तर त्यांना काढलं असतं ना? शाळेतून मस्ती करणाऱ्याला काढतात तसं?"

"नाही, काकू. जी माणसं चिडतात, मारतात, त्यांच्यासाठीच तर होतं हे सगळं."

त्या म्हणाल्या, "हे आधी सांगायचं ना."

खरंच, एका वाक्याचं काम होतं. इतक्या गुरुवारांत ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही.

मी ध्वनिमुद्रण सुरू केलं, कागद उघडला आणि वाचलं, "गेल्या सात दिवसांत रुग्णाने शारीरिक आक्रमकता किती वेळा दर्शवली?" आणि समजावलं, "दर्शवली म्हणजे केली. मारणं, ढकलणं, चावणं, ओढणं. का केलं ते नाही विचारत. किती वेळा, एवढंच."

"का, ते नाही?"

"नाही."

"म्हणजे त्यांना दोष लागत नाही?"

"नाही लागत."

मग त्या बोलल्या. दोन तास. कधी बोटांवर मोजत, कधी डोळे मिटून, एकदा चक्क हसत, कारण काकांनी त्यांना फ्रिजमधून बाहेर काढायचा प्रयत्न केला होता, आणि त्या नुसतं दूध काढायला वाकल्या होत्या. एकदा थांबल्या आणि माझ्या हातातलं पेन पाहत म्हणाल्या, "हे लिहिलंच पाहिजे का?" मी म्हटलं, तुम्ही नको म्हणालात तर नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, "लिही."

मी बेरीज केली. पुन्हा केली. एकसष्ट.

काकूंनी मान वाकवून आकडा पाहिला. "एवढे? मागच्या वेळी तीनच मिळाले होते. पास झाले का ते?"

इतके आठवडे त्या ते काकांचे मार्क समजत होत्या, आणि प्रत्येक वेळी आकडा उतरताना पाहून मुकाट्यानं सही करत होत्या. मी सांगितलं, "काकू, हे गुण उलटे असतात. जास्त म्हणजे जास्त वाईट."

त्यांनी आकड्यावर डाव्या हाताचं बोट ठेवलं.

"मग बरोबर आलेत," म्हणाल्या, आणि सहीसाठी पेन मागितलं.